करवतीआधीचा घात

अवजड ओंडक्याच्या कामात माणूस भितो करवतीच्या दातांना, पण घात बहुधा त्याआधीच, ओंडका हलवताना होतो. अवजड वस्तू हलवणं किती जिकिरीचं, हे धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावरून कळतं. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. तिच्या जोडीची तोफ मात्र वाटेत नदीत बुडाली, असं परंपरा सांगते. ही गोष्ट दंतकथा म्हणून बाजूला ठेवली, तरी एवढं धूड बैलांच्या बळावर नदीपार नेण्यातला धोका खरा उरतोच.

कुणी म्हणेल, तोफेचा दाखला लाकडाला कसा लागू पडावा? माझ्या मते ओंडका जास्त दगाबाज. तोफ ओतीव, ओंडका गोल, वाकडा, बुंध्याकडे जड. ओल्या बाभळीचं वजन तर नजरेला कळतच नाही. पाचर निसटली की तो गडगडतो, आणि अर्धवट चिरल्यावर फट मिटून पातं आवळतो. म्हणूनच जुने करवतवाले दोघांची करवत घेऊन पडल्या झाडापाशी जात. एक वर, एक खाली. फिरत्या आरागिरणीनं हेच शहाणपण उचललं, पण ओंडका पाट्यावर चढवणं काही टळलं नाही. यंत्राच्या मापापेक्षा जाड बुंधा आला की पहार, साखळी आणि माणसांचे पाय पुन्हा त्याच्याखाली येतात.