दौऱ्यातील एक दिवस : बॅरन बेट, १८५७

बदलीच्या नोकरीत उमर घालविलेल्या वाचकांना दौरा म्हणजे काय, हे सांगावयास नको. दौऱ्याचे काम एक असते आणि वाटेत पाहिलेला किल्ला, देऊळ वा धबधबा ही त्यातली वरकमाई असते. घरी परतल्यावर आम्ही मुलाबाळांना वर्णन करतो ते धबधब्याचे. कचेरीच्या दप्तरात उरतो तो अहवाल. अशाच एका दौऱ्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

१८५७ च्या उठावात पकडलेल्या शेकडो लोकांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न त्या वर्षाच्या अखेरीस कंपनी सरकारपुढे उभा राहिला. अंदमानात कैद्यांची वसाहत करता येईल काय, हे पाहण्यासाठी सरकारने तिघांची समिती नेमली. बंगालच्या तुरुंगांचे निरीक्षक डॉ. फ्रेडरिक मोआट हे अध्यक्ष, डॉ. जॉर्ज प्लेफेअर आणि हिंदी आरमारातील लेफ्टनंट हीथकोट हे सभासद. नोव्हेंबरात ही मंडळी कलकत्त्याहून निघाली, आणि ‘प्लूटो’ नावाच्या आगबोटीने बंदरांमागून बंदरे तपासताना डिसेंबरात एक दिवस बॅरन बेटावर उतरली.

बॅरन म्हणजे ओसाड. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरांवर, जेमतेम तीन किलोमीटर रुंदीचे हे बेट म्हणजे समुद्रतळापासून दोन हजार मीटरांहून अधिक उंच उठलेल्या ज्वालामुखीचा केवळ माथा होय. हिंदी भूपट्ट ब्रह्मदेशाच्या पट्ट्याखाली सरकत जातो, त्या घर्षणातून सुमात्रेपर्यंत पसरलेली जी ज्वालामुखींची माळ निर्माण झाली, तिच्यातील हा एक मणी. भोवती कड्यांची गोल तटबंदी, पश्चिमेस तिला पडलेले एकच खिंडार, आणि आत मधोमध राखेचा शंकू. नाव लावावयाची ती त्या खिंडारापाशीच. तेथे काठाशी कढत पाण्याचे झरे असल्याची नोंद त्या शतकातील अनेक प्रवाशांनी केली आहे. पुढे काळ्या लाव्ह्याचे खडबडीत रान, आणि त्यानंतर चढण अशी की एक पाऊल वर टाकावे तर अर्धे खाली घसरावे. माथ्यावर गंधकाचे पिवळे थर आणि वाफेचे धुरकट लोट.

हे बेट पूर्वी असे शांत नव्हते. १७८९ साली ‘बॉम्बे मरीन’ या कंपनीच्या मुंबईच्या आरमारातील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने ते पाहिले, तेव्हा त्यातून तप्त दगड उसळत होते. त्याच ब्लेअरने अंदमानची पहिली वसाहत वसविली. ती १७९२ मध्ये उत्तरेकडील दुसऱ्या बंदरी हलविण्यात आली आणि तेथील रोगराईमुळे १७९६ मध्ये मोडली. मोआटसाहेबांपुढे हा सारा इतिहास होता. १८६३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी बॅरन बेटाची भेट विस्ताराने वर्णिली आहे. सहलीचा आनंद तेथे लपत नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारणही आम्हांस दिसत नाही. पण याच दौऱ्यात अंदमानच्या मूळ रहिवाशांशी चकमक झाली आणि त्यांच्यातील एका माणसाला पकडून कलकत्त्यास नेण्यात आले. तेथे तो आजारी पडला, तेव्हा त्याला परत सोडण्यात आले.

अहवालाने मात्र विलंब लावला नाही. ब्लेअरचे जुने बंदर वसाहतीस योग्य, असा अभिप्राय समितीने दिला. जानेवारी १८५८ मध्ये कॅप्टन मॅन याने तेथे ब्रिटिश निशाण लावले, आणि १० मार्चला डॉ. वॉकर हा दोनशे कैदी घेऊन पोहोचला. दलदल, ताप आणि जंगलतोड यांनी पहिल्या काही महिन्यांतच कैद्यांची दैना केली. जे पळाले आणि पुन्हा हाती लागले, त्यांतील शहाऐंशी जणांना वॉकरने फासावर चढविले.

येथून पुढचा धागा आमच्या या चेन्नईशी जुळतो. २७ जून १९११ रोजी तेव्हाच्या मद्रास बंदरातून ‘महाराजा’ ही आगबोट निघाली. तिच्यावर पन्नास वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झालेले विनायक दामोदर सावरकर होते. ४ जुलैस ते पोर्ट ब्लेअरला उतरले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तेथील सेल्युलर जेलमध्ये होते. अंदमानास जाणारी जहाजे आजही चेन्नईहून सुटतात. ती पाहावयास गेलेल्या मराठी माणसाला या नोंदीची आठवण होते. कैद्यांच्या त्या वाटेवर बॅरन बेट लागत नाही. ते पार पलीकडच्या अंगास राहते.

दीडशतकाच्या सुमारास निजलेले ते बेट १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले, आणि त्यानंतरही अनेक वेळा धुमसले. भारताचा तोच एकमेव जागृत ज्वालामुखी. हौशी प्रवाशांना आज तो बोटीवरूनच पाहावा लागतो. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्रीविजयपुरम झाले.

ज्या बेटाला ओसाड म्हटले, तेथे कोणास डांबले गेले नाही. ज्या बंदरावर ‘योग्य’ असा शेरा पडला, तेथे दोन-तीन पिढ्यांचे हुंदके साठले. मोआटसाहेबांच्या नजरेत त्या दौऱ्यातील संस्मरणीय दिवस बहुधा ज्वालामुखीचा असेल. इतिहासाने लक्षात ठेवला तो मात्र शेरा. आम्ही नोकरदार माणसे असे शेरे नित्य लिहितो, आणि बहुतेक वेळा त्या जागी पुन्हा पाऊलही टाकत नाही. दौऱ्याच्या टिपणवहीत धबधब्याचे वर्णन अवश्य असावे. परंतु कागदावर ‘योग्य’ लिहिताना, कोणासाठी योग्य, एवढे मनाशी एकदा विचारून घ्यावे.