कसबा, नळी आणि मूलपेशी

परगण्याचं मुख्य गाव तो कसबा. जुन्या कागदांतलं ‘कसबे पुणे’ आक्रसत आजची कसबा पेठ झालं. शब्द अरबी, मराठीत आला फारसीच्या वाटेनं. अरबी कोशांत याच ‘कसबा’खाली आणखीही अर्थ दिलेले असतात: बोरूची पोकळ कांडी, श्वासनलिका, नडगीचं हाड. संस्कृतानंही तेच केलं. नड किंवा नल म्हणजे बोरू, आणि सुश्रुतसंहितेत लांब हाडं ती नलकास्थी. आपण मटणवाल्याकडे नळी मागतो ती याच कुळातली. हाड पाहून दोन्ही भाषांना बोरूच आठवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हाडांच्या पोकळीतल्या मज्जेतही झाडाचं खोड आहेच, तिथल्या पेशींच्या नावात. १८६८मध्ये अर्न्स्ट हेकेलनं जर्मनमध्ये ‘श्टामत्सेले’ हा शब्द वापरला तो वंशवृक्षाच्या खोडावरून. इंग्रजीत त्याचं ‘स्टेम सेल’ झालं. मराठीत ‘स्कंधपेशी’ हा शब्द खोडाशी इमान राखणारा. रुळला मात्र ‘मूलपेशी’. त्यात मुळाबरोबर लेकराचाही भास होतो.

‘पेशी’ तर आणखी जुनी. सुश्रुताच्या पाचशे पेशी म्हणजे स्नायू. महाभारतात गांधारीला झाली ती मांसपेशी, म्हणजे मांसाचा गोळा. सूक्ष्मदर्शकातली पेशी हा अर्थ अगदी अलीकडचा, म्हणून गांधारीच्या कथेत मूलपेशींचं तंत्रज्ञान शोधणं मला शब्दावरच अन्याय वाटतो.

‘मूल’ म्हटलं की नवं काही उगवेल अशी आशा लागते. रक्त घडवणाऱ्या मूलपेशींबाबत ती खरी आहे. प्रतिकारशक्तीचे जवळजवळ सगळे शिपाई त्यांच्यापासूनच तयार होतात. पण मज्जेत दुसऱ्याही पेशी असतात. त्या दाखवल्या रशियाच्या फ्रिडेनश्टाइननं आणि १९९१मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं अमेरिकेच्या अर्नल्ड कॅप्लननं. रुग्णाला शिरेतून दिल्यावर त्यांतल्या बहुतेक फुफ्फुसात अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. तेवढ्या वेळात त्या मोठं काम करून जातात. दाह भडकला की त्या प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात, चवताळलेल्या टी-पेशींना आवरतात, नियामक टी-पेशी वाढवतात. २००४मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी एका नऊ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. रक्ताच्या मूलपेशींच्या प्रत्यारोपणानंतर दात्याच्या प्रतिकारपेशी मुलाच्याच शरीरावर उलटल्या होत्या आणि औषधं थकली होती. आईच्या मज्जेतल्या या पेशी दिल्यावर तो सावरला. अशाच आजाराच्या मुलांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये या पेशींच्या औषधाला मान्यता मिळाली. पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही या पेशींवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे.

कॅप्लननं स्वतःच २०१७मध्ये आग्रह धरला की यांना ‘स्टेम’ म्हणू नका, औषधी संकेत देणाऱ्या पेशी म्हणा. मला ते पटतं. मराठीत मी त्यांना ‘मज्जेतल्या शामक पेशी’ म्हणेन. गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर मूलपेशी विकणाऱ्या जाहिराती त्या ‘मूल’ शब्दावरच जगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र स्पष्ट लिहिलं आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर हे उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच द्यायचे. आणि अशा चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.