धुराची चव आणि धूर खाणारी माणसं

गेल्या महिन्यात आपल्या गटातल्या एका ताईंच्या लेकीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. अख्खी कोंबडी, तांबूस-काळी भाजलेली, कातडी चकाकतेय. खाली लिहिलेलं, घरातल्या ओव्हनमध्ये केलेली धुराच्या चवीची बार्बेक्यू कोंबडी. नाचणीची बिस्किटं भाजायला गटानं घेतलेला ओव्हन आहेच. लेक म्हणाली, करून बघूया का? तिथं बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, धूर जावा म्हणून तर गॅस घेतला. आता परत धुराचा वास कशाला आणताय घरात?"

आम्ही हसलो, पण आजींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून आजच्या बोलण्यात ही चव आली कुठून आणि तिच्यासाठी धुरात कोण उभं राहिलं, ते सांगतो.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांचा. लाकडांचा माचा उभारायचा, खाली मंद विस्तव करायचा आणि वर मांस किंवा मासे ठेवायचे. स्पॅनिश लोक तिथं पोचले, त्यांनी हे पाहिलं आणि सोळाव्या शतकात 'बार्बाकोआ' असं लिहून ठेवलं. पुढं अमेरिकेत, व्हर्जिनिया आणि कॅरोलिना भागात, माच्याच्या जोडीला जमिनीत चर आले. लांब चर खणायचा, ओक किंवा हिकरीची लाकडं जाळून निखारे करायचे, हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. त्या निखाऱ्यांवर अख्खं डुक्कर, मेंढा रात्रभर शेकायचा. निवडणूक असो, सण असो, गावजेवण हेच. जॉर्ज वॉशिंग्टन पुढं अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या १७६९ सालच्या रोजनिशीत एका बार्बेक्यूला जाऊन रात्रभर राहिल्याची नोंद आहे.

पाहुणे रात्रभर राहिले ते मजेसाठी. चरापाशी रात्रभर जागे राहिले ते बहुतेक आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. लाकूड तोडणं, चर खणणं, निखारा ओढणं, मांस उलटणं, सगळं त्यांच्याकडं.

त्यातल्या एकाचं सांगणं लिहून ठेवलेलं आहे. दक्षिण कॅरोलिनातले वेस्ली जोन्स. गुलामी संपल्याला सत्तर वर्षं होऊन गेली, तेव्हा १९३७ च्या सुमारास सरकारी प्रकल्पातले लोक जुन्या माणसांच्या आठवणी टिपत फिरत होते. जोन्स तेव्हा नव्वदी ओलांडलेले. त्यांनी सांगितलं, बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण झोपायचोच नाही. व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण आणि काही पाला असं कालवायचं. लांब काठीला मऊ चिंधी गुंडाळायची आणि त्या चिंधीनं रात्रभर मांसावर ते फासत राहायचं. रस निखाऱ्यावर ठिबकला की साधा धूर मसालेदार होतो आणि तोच परत मांसाला लागतो.

बघा, धने-मिरची-लसूण! आणि चवीचं सगळं गुपित त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितलं. ही चव नुसत्या लाकडाच्या धुराची नाही, विस्तवावर पडलेली चरबी आणि मसालाही ती देतो. आपल्याकडं वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडतात आणि झाकण घालून धुंगार देतात, त्यात हेच घडतं. रायगडकडच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या पोपटीत भांबुर्डीचा पाला आणि मडक्याभोवतीचा जाळ असतो, तीही याच घरातली. खरंय.

आता कोंबडी. ती त्या चरावर फार नसायची. तिकडच्या शेतघरांतही कोंबड्या बायकांच्याच, अंडी विकून मीठ-मिरचीचा खर्च भागवायच्या. खाण्यासाठी म्हणून कोंबडी पाळायला लागली ती डेलावेअर राज्यातल्या सेसिल स्टील या बाईपासून, असं मानतात. १९२३ साली त्यांनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली, आली ५००. परत पाठवण्याऐवजी त्यांनी छोटी शेड बांधून ती वाढवली आणि किलोभराची झाल्यावर मांसासाठी विकली. नफा झाला. पुढच्या वर्षी जास्त, त्याच्या पुढं आणखी. १९२६ पर्यंत त्यांच्याकडं १०,००० पक्ष्यांची सोय होती, आणि नवऱ्यानं तटरक्षक दलातली नोकरी सोडून त्यांच्या धंद्यात हातभार लावला. त्यांची एक जुनी शेड तिकडच्या शेती संग्रहालयात जपून ठेवलीय. पुढं या धंद्यात मोठ्या कंपन्या आल्या आणि पाळणाऱ्याच्या हाती काय उरलं, तो वेगळा विषय, त्यावर एक अख्खा कार्यक्रम करू.

कोंबडी स्वस्त झाली आणि घरोघरच्या ओव्हनमध्ये शिरली. पण गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये लाकूड नाही, चरबी ठिबकते ती ट्रेमध्ये. मग धूर कुठला? त्याचं उत्तर एका औषधवाल्यानं आधीच बाटलीत भरून ठेवलं होतं. कॅन्सस सिटीचे अर्नेस्ट राइट. लहानपणी त्यांनी शेकोटीच्या धुराड्यातून काळं पाणी ठिबकताना पाहिलं होतं. ते ध्यानात ठेवून त्यांनी लाकडाचा धूर थंड करून त्याचं पाणी धरलं आणि १८९५ पासून विकायला काढलं. गिऱ्हाईक कोण, तर घरचं मांस टिकवणारे शेतकरी. आज ओव्हनच्या कोंबडीला त्या जातीच्या रसाचे दोन-चार थेंब लावतात, नाहीतर ओकच्या धुरावर वाळवलेल्या स्पॅनिश मिरचीची पूड. बाटलीवर राइट यांचं नाव छापलं गेलं. चरापाशी जागलेल्या बहुतेकांचं नाव कुठंच नाही.

आजींचा प्रश्न इथंच येतो. चुलीपुढं खोकत भाकरी भाजणाऱ्या बाईचंही नाव कोण लिहितं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या वगैरे धुरानं जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. चव हवी म्हणून तो धूर परत घरात घ्यायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं.

मग असं केलं. सव्वा किलोची अख्खी कोंबडी घेतली. आदल्या रात्री मीठ, दही, लसूण, धनेपूड, लाल मिरची आणि थोडा गूळ चोळून ठेवली. ओव्हनमध्ये १५० अंशांवर झाकून तासभर, मग झाकण काढून २०० अंशांवर अर्धा तास. तंगडीच्या जाड भागात आतली उष्णता ७४ अंश झाली पाहिजे, बिस्किटांसाठी घेतलेला काटा तिथं कामी आला. काटा नसेल तर सांध्यापाशी टोचा, तिथं मांस कच्चं, गुलाबी दिसता कामा नये. वेळ ओव्हनप्रमाणं बदलते.

धुंगार मात्र बाहेर, अंगणात. पहिल्या खेपेला आम्ही शहाणपणा करून निखाऱ्याची वाटी ओव्हनमध्येच ठेवली होती. खोली धुरानं भरली, डोळे चुरचुरले, बिस्किटांना दोन दिवस वास येत होता. बंद खोलीतला निखारा जिवावरही बेतू शकतो, म्हणून ती चूक तुम्ही करू नका. मोठ्या पातेल्यात कोंबडी, मध्ये वाटीत एक लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि ट्रेमधला थोडा रस. झाकण दहा मिनिटं. तोंड वळवून झाकण काढायचं.

आजींनी तंगडी खाल्ली, आणि उरलेल्या हाडांचा दुसऱ्या दिवशी रस्सा केला. गॅसवरच.