युनिक्समधील छपाईचा हिशेब

युनिक्स किंवा तत्सम संगणकप्रणालीवर कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या प्रिंटरवर किती पाने छापली, याची नोंद ठेवून बेरीज करण्याच्या पद्धतीस छपाईचा हिशेब म्हणतात. एकच प्रिंटर अनेक जण वापरत असल्यास कागद व शाईचा खर्च वाटून घेण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

बीएसडी युनिक्समध्ये प्रत्येक प्रिंटरसाठी हिशेबाची फाईल ठेवता येत असे. ‘पॅक’ ही आज्ञा ती वाचून वापरकर्तानिहाय पाने व खर्च दाखवी. वेगळा दर दिलेला नसल्यास पानामागे २ सेंट धरले जात. पुढे मायकेल स्वीट यांची ‘कप्स’ ही छपाई व्यवस्था १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲपलने ती २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ साठी स्वीकारली.

नोंदींचे स्वरूप

कप्सच्या ‘पेज लॉग’ या फाईलमध्ये प्रिंटर, वापरकर्ता, कामाचा क्रमांक, दिनांक व वेळ, पृष्ठक्रमांक आणि प्रतींची संख्या नोंदली जाते. नव्या आवृत्त्यांत ही नोंद मुळात बंद असते. ‘पेजलॉगफॉरमॅट’ हा निर्देश देऊन ती सुरू करावी लागते.

शेल स्क्रिप्टचे कार्य

बेरजेसाठी ‘ऑक’ ही १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण झालेली भाषा वापरतात. नवशिके अनेकदा पृष्ठक्रमांकांचीच बेरीज करतात. तीन पानांच्या कामाचे १, २ व ३ मिळून मग ६ होतात आणि वापरकर्त्यावर दुप्पट आकारणी होते. बेरीज प्रतींच्या स्तंभाची करावी. पृष्ठक्रमांकाच्या जागी ‘टोटल’ असल्यास त्याच स्तंभात एकूण पाने असतात. मूळ मांडणीत फाईल १ मेगाबाइटहून मोठी झाली की तिचे नाव बदलले जाते व आधीची जुनी फाईल पुसली जाते. म्हणून ‘क्रॉन’द्वारे रोजच्या रोज बेरीज करून ती वेगळी साठवणे श्रेयस्कर ठरते.

मर्यादा

कप्समधून प्रक्रियेविना थेट प्रिंटरकडे गेलेल्या कामांची पृष्ठसंख्या विश्वसनीय नसते. कागद अडकल्यास नोंदलेली सर्व पाने प्रत्यक्षात छापली गेलेलीच असतात, असेही नाही. त्यामुळे पैसे आकारण्यापूर्वी प्रिंटरच्या अंतर्गत गणकाशी ताळा पाहावा लागतो. नोंदीत दस्तऐवजाचे शीर्षकही येऊ शकते. त्यावरून वापरकर्त्याची खासगी बाब उघड होण्याचा संभव असल्याने हिशेबास अनावश्यक असलेले शीर्षक वगळणे इष्ट असते.