पावकी, निमकी आणि सुटे पैसे

अडीच आणे शेर, तर साडेतीन शेरांचे किती? पंतोजींच्या शाळेतल्या पोराला या हिशेबाला पाटीसुद्धा लागत नसे. तीन अडीचे साडेसात, वर अर्ध्या शेराचा सव्वा आणा. झाले पावणेनऊ, म्हणजे आठ आणे तीन पैसे.

हे जमायचे ते पाढ्यांमुळे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. शाळेत एका सुरात म्हणायचे आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की परवच्यात पुन्हा घोकायचे. अपूर्णांकांचे पाढे कशाला, तर नाणीच तशी होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. मापेही तशीच: शेर, अच्छेर, पावशेर. सगळा बाजार अर्ध्याच्या अर्ध्याने चाले. त्यामुळे 'पैसा' हा गणितातला एखादा धडा नव्हता. गणित शिकायचे तेच मुळी पैशासाठी.

ही रीत फार जुनी. भास्कराचार्यांची 'लीलावती' 1150 सालची. तिच्या सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक येते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. बेरीज-वजाबाकी त्यानंतर. सोळाचा हा हिशेब पुढे आमच्या आजोबांच्या रुपयापर्यंत टिकला. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. खानदेशातल्या त्या मठात हे कोष्टकही घोकले गेले असणार.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. 1964 मध्ये त्यांतला 'नया' गेला. दशमान पद्धत सोपी होती आणि ती आली ते योग्यच झाले. पण तिच्यामागून औटकी आणि अडीचकी वर्गातून गेली, आणि त्यांच्याबरोबर तोंडी हिशेबाची सवयही गेली. पिकाची आणेवारी सरकारी कागदावर पैसेवारी झाली. 30 जून 2011 पासून चार आण्यांचे नाणेही चलनात राहिले नाही.

आता पाठ्यपुस्तकात छापील नोटा असतात. घरी आई फोन दाखवून भाजी घेते. पोराला पैसे दिसतच नाहीत, मग ते मोजणार काय? म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांतला बालबाजार मला मोलाचा वाटतो. तिसरीतली मुलगी मेथीच्या जुड्या विकते. बासष्ट रुपये झाले, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली. ती वजाबाकी मांडत नाही. बासष्टला आठ, सत्तर. आणि तीस, शंभर, असे म्हणत सुटे पैसे हातावर ठेवते. वाणी पिढ्यानपिढ्या असाच हिशेब करत आला.

बाई, गुरुजी, एवढे करा: यंदाच्या बालबाजारात टोपलीशेजारी क्यूआर कोड लावू नका. चिल्लरीचा डबा ठेवा.