स्लेसर, मेरी
(२ डिसेंबर १८४८ – १३ जानेवारी १९१५). नायजेरियाच्या कालाबार प्रदेशातील स्कॉटिश मिशनरी. जन्म ॲबर्डीन येथे. अकराव्या वर्षापासून डंडीच्या गिरणीत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा. १८७६ मध्ये कालाबारला आल्यावर त्यांनी एफिक भाषा आत्मसात केली. १८८८ पासून त्या ओकोयाँग लोकांत मातीच्या घरात, बहुधा अनवाणीच वावरल्या. अशुभ मानून रानात टाकलेली जुळी अर्भके त्यांनी उचलून आणली, वाढवली. काहींना दत्तक घेतले. १८९२ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना उप-वाणिज्यदूत नेमले. गावचे तंटे त्या स्थानिकांच्याच भाषेत ऐकून सोडवत. या न्यायदानाने वसाहती सत्तेलाही गावात वाट मिळाली, हे विसरता येत नाही. तरी वाचलेल्या मुलांचे मोल त्याने उणावत नाही. स्लेसर यांचे दफन कालाबारला झाले.