हीट गन : पांढुरक्या पडलेल्या प्लॅस्टिकसाठी निवड आणि सुरक्षित वापर

पालघर, बोईसर-तारापूर पट्ट्यात चिकू, भाजीपाला वाहणारे पिकअप आणि ट्रॅक्टर बरेचदा उघड्यावरच उभे असतात. उन्हामुळे त्यांचे काळे बंपर, आरशांची कव्हरे, डॅशबोर्ड पांढुरके पडतात. हीट गनने त्यांचा रंग परत आणता येतो. मात्र हाच उपाय फवारणी पंपावर करू नका.

रंग का जातो?
उन्हातील अतिनील किरणांमुळे प्लॅस्टिकचा वरचा थर खराब होऊन खडबडीत होतो आणि पांढुरका दिसतो. उष्णतेने हा थर किंचित वितळून सपाट होतो व रंग पुन्हा गडद दिसतो. गेलेली ताकद मात्र परत येत नाही. वाहन उन्हातच राहिल्यास रंग पुन्हा उडतो.

निवड कशी करावी?
- तापमान कमी-जास्त करता येणारी, १५०० ते २००० वॉटची गन पुरते.
- थंड हवेची सोय आणि टेबलावर उभी राहील असा तळ असावा.
- २००० वॉटची गन सुमारे ९ अँपिअर वीज घेते. त्यामुळे ती अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडा. पातळ वायरचे एक्स्टेन्शन वापरू नका.

वापरण्याची पद्धत
१. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, पॉलिश राहू देऊ नका.
२. शक्य असल्यास भाग सुटा करा. मागे ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर तो पॉलिप्रॉपिलीनचा आहे.
३. कमी तापमानावर, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी चाचणी घ्या.
४. गन १० ते १५ सेंमी अंतरावर धरून सतत फिरवा. रंग गडद होताच पुढे सरका. मूळ नक्षी पुसू लागली, तर उष्णता जास्त झाली असे समजा.
५. काम संपल्यावर काही मिनिटे थंड हवा चालवून गन उभी ठेवा.

येथे वापरू नका
- फवारणी पंप : टाकीत मुरलेले कीटकनाशक तापून त्याची वाफ श्वासात जाते. तापवलेली टाकी वाकडी होऊन गळू शकते आणि औषध थेट पाठीवर येते. टाकी ठिसूळ झाली असेल, तर पंप बदला.
- पीव्हीसी पाइप : जास्त तापल्यास हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.
- इंधन टाकी, बॅटरी : पेट्रोलची वाफ किंवा बॅटरीतील हायड्रोजन पेट घेऊ शकतो.
- रंगवलेले भाग : रंगाला फोड येतात.

भाताचा पेंढा, गोणपाट, सुके गवत यांपासून दूर, मोकळ्या हवेत काम करा. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि चष्मा वापरा. पावसात किंवा ओल्या जमिनीवर गन लावू नका. मुलांना लांब ठेवा. बंद केल्यावरही गनचे तोंड बराच वेळ भाजण्याइतके गरम असते.